पाण्याचे झाले, हवेचे काय?

आमच्याकडे बाहेरगावचे पाहुणे आले, की त्यांना जुने गोवे दाखवून आणण्याचा शिरस्ता आहे. चर्चच्या त्या भव्य वास्तू, प्रशस्त पटांगणे आणि भोवतालची माडांची बने पाहून झाली, की एखादा चौकस पाहुणा हमखास विचारतो, "चर्च एवढी मोठी, मग शहर कुठे गेले?" सत्तेचे चढउतार, व्यापाराची पीछेहाट अशी ऐतिहासिक कारणे सांगता येतात आणि ती खरीही आहेत. परंतु आपणा वैद्यकीय व्यावसायिकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर पाण्यात आहे. सच्छिद्र चिऱ्याच्या जमिनीत पिण्याच्या विहिरी आणि मैल्याचे खड्डे शेजारी शेजारी होते. पटकी आणि हिवताप यांच्या साथींमागून साथी आल्या. कित्येक माणसे मेली, उरलेली उठून गेली. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ साली पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. एकेकाळी पूर्वेचे रोम म्हणून मिरवलेले शहर ओस पडले.

त्या काळच्या लोकांना दोष देता येत नाही. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे डॉ. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ साली दाखवून दिले, तेव्हा पणजी राजधानी होऊन अकरा वर्षे लोटली होती. त्यानंतर मात्र जगाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. 'पाणी उकळून प्या' असा घरोघर उपदेश करून समाज थांबला नाही. नळातून येणारे पाणी मुळातच स्वच्छ असले पाहिजे आणि ती जबाबदारी केवळ पिणाऱ्याची नसून पुरवणाऱ्याची आहे, हे तत्त्व हळूहळू मान्य झाले. आज चांदेलच्या प्रकल्पातून पेडणे तालुक्यात किंवा पडोसेच्या प्रकल्पातून साखळी परिसरात जे पाणी येते, ते गाळलेले आणि क्लोरीनयुक्त असते, याचे आपल्याला नवलही वाटत नाही.

नव्वदच्या दशकात मी बांबोळीला निवासी डॉक्टर होते. पावसाळा सुरू झाला, की अतिसाराने सुकून गेलेली मुले एकामागून एक दाखल होत. खोल गेलेले डोळे, न सापडणारी शीर आणि पायथ्याशी उभी असलेली आई, हे चित्र आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. आज माझ्या दवाखान्यात असे मूल क्वचितच येते. जलसंजीवनी, लसी आणि नळाचे पाणी या तिहींचे ते श्रेय आहे. परंतु त्याच पावसाळ्यात खोकला, ताप आणि धाप घेऊन येणाऱ्या मुलांची रांग मात्र कमी झालेली नाही. पाण्याला आपण जो न्याय दिला, तो बंद खोलीतल्या हवेला अद्याप दिलेला नाही. कोविडच्या साथीने हे जितके स्पष्ट केले, तितके दुसऱ्या कशानेही केले नसेल. आणि नेमका तोच धडा आपण विसरत चाललो आहोत. आपल्या या स्मरणिकेच्या निमित्ताने मला त्याविषयी थोडे सांगावयाचे आहे. त्यात माझ्या स्वतःच्या चुकांची कबुलीही आहे.

संपले असे वाटणारे संकट

गोव्यात पहिले तीन रुग्ण २५ मार्च २०२० रोजी आढळले. त्यानंतर काही आठवडे आपले राज्य हरित पट्ट्यात गणले गेले आणि आपण सुटलो असे आपल्याला वाटले. पहिला मृत्यू २२ जून २०२० रोजी नोंदला गेला. पुढे मे २०२१ मध्ये अशी वेळ आली, की राज्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघत होते आणि प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता. त्या दिवसांचे वर्णन आपणांपुढे करण्याची आवश्यकता नाही. आपण सर्वांनीच ते दिवस पाहिले आहेत. अधिकृत नोंदीप्रमाणे गोव्यात सुमारे चार हजार माणसे गेली. पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या राज्यात याचा अर्थ पावणेचारशे माणसांमागे एक, असा होतो. देशाच्या जन्म-मृत्यू नोंदणीतही हे उमटले आहे. २०२० साली भारतात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते. २०२१ साली ती संख्या १ कोटी २ लाखांवर गेली.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली म्हणजे रोग संपला असे नव्हे, हेही संघटनेने त्याच वेळी बजावले होते. ते वाक्य कुणी फारसे ऐकले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेएन.१ या नव्या उपप्रकाराचे देशात पहिले २१ रुग्ण सापडले, त्यांतील १९ गोव्यात होते. जगभरचे प्रवासी दाबोळीला उतरत होतेच. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला आहे. म्हणजे नवा विषाणू देशाच्या दारात येतो, तेव्हा ते दार पुष्कळदा आपल्या पेडणे तालुक्यात असू शकते. २०२५ च्या जूनमध्येही देशातील उपचाराधीन रुग्णांची संख्या पुन्हा सात हजारांवर गेली होती. बहुतेकांचा आजार सौम्य होता, हे समाधान आहे. परंतु 'सौम्य' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, असे मला अनुभवाअंती वाटू लागले आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्या वाडवडिलांनी 'मानमोडी' असे नाव दिले होते. त्या साथीत हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे मेली, असे अभ्यासक मानतात. तरीही पुढच्या दोन पिढ्यांत ते नावसुद्धा विस्मृतीत गेले. आपणही त्याच वाटेने निघालो आहोत, अशी भीती वाटते.

एका मुलीची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ही हकीकत सांगते. पेडण्याच्या किनारपट्टीवरील एका गावातील दहा वर्षांची मुलगी. जानेवारी २०२२ मध्ये घरातील सर्वांना ताप आला, तसा तिलाही दोन दिवस आला. पॅरासिटामॉलने उतरला. बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लस तेव्हा नव्हती, पुढेही आली नाही. एप्रिलमध्ये आई तिला घेऊन आली. शाळेचा चढ चढताना मुलगी मध्येच बसते, डोके दुखते म्हणते, पाठ केलेले विसरते. रक्त, थायरॉइड, छातीचे चित्र, सारे ठीक होते. मी निःशंकपणे सांगितले, "दोन वर्षे शाळा बंद होती, सवय मोडली आहे. रोज सकाळी धावायला पाठवा."

धावल्यानंतर ती दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळू लागली. तिसऱ्या भेटीत मी आईला बाजूला घेऊन म्हणाले, की तिच्याकडे जास्त लक्ष देऊ नका, हे शाळा चुकवण्यासाठी असू शकते. आई काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, माझी मुलगी लबाडी करणारी नव्हे." त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांमधील कोविडोत्तर आजाराची व्याख्या प्रसिद्ध केली: संसर्गानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेली, किमान दोन महिने टिकलेली आणि रोजच्या व्यवहारावर परिणाम करणारी लक्षणे. ती वाचताना ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. श्रमानंतर लक्षणे बळावतात अशा रुग्णाला सक्तीचा व्यायाम देऊ नये, हेही मला तेव्हा उमगले. मी स्वतः फोन करून मायलेकींना बोलावले आणि माझी चूक झाली असे सांगितले. झेपेल तेवढेच करावयाचे, शाळेत अर्धा दिवस जावयाचे, दुपारी पडून राहावयाचे, असा क्रम ठरवला. हळूहळू ती सावरली. आता ती माध्यमिक शाळेत शिकते. परंतु तिच्या बालपणातील दोन वर्षे गेली, आणि त्यांतील काही महिने केवळ माझ्या सल्ल्यामुळे गेले, ही गोष्ट मला नाकारता येत नाही.

अमेरिकेत मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. शाळकरी मुलांत डोकेदुखी, पोटदुखी, झोपेच्या आणि एकाग्रतेच्या तक्रारी अधिक आढळल्या, तर किशोरवयीनांत थकवा, अंगदुखी आणि वास-चव जाणे अधिक आढळले. या तक्रारी घेऊन आपल्याकडे रोज मुले येतात. त्यांतील प्रत्येकाला कोविडोत्तर आजार असतो असे मी मुळीच म्हणत नाही. रक्तक्षय, दृष्टिदोष, क्षयरोग, मानसिक ताण हे सर्व पाहावयाचेच. परंतु 'शेवटचा ताप कधी आला होता?' हा एक प्रश्न इतिहास घेताना आपण विचारत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

न मांडला गेलेला हिशेब

त्या मुलीचे वडील समुद्रकिनाऱ्यावरील शॅकमध्ये काम करीत. २०१९ साली गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले होते. २०२० साली ती संख्या ३० लाखांच्या आसपास घसरली. ज्याची वर्षाची मिळकत चार-पाच महिन्यांच्या हंगामावर अवलंबून, त्याच्या घरात याचा काय अर्थ झाला असेल, हे वेगळे सांगावयास नको. त्यातून सावरत असतानाच मुलगी आजारी पडली. आई एका हॉटेलात साफसफाईच्या कामावर होती. मुलीजवळ राहण्यासाठी तिने ते काम सोडले. म्हापशाच्या, पणजीच्या फेऱ्या, तपासण्या, बसभाडे, बुडालेले रोज, आणि शेवटी गहाण पडलेल्या बांगड्या. यांतील एकही रुपया कोविडचा खर्च म्हणून कुठल्याही वहीत नोंदला गेलेला नाही.

डिचोलीची कथा निराळी, तरी शेवट तोच. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या. मये, शिरगाव, पिळगाव या भागातील कित्येक घरांच्या अंगणात ट्रक उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते चालूच राहिले. दोन वर्षांनी साथ आली. माझ्या परिचयाच्या एका घरातील कर्ता पुरुष मे २०२१ मध्ये गेला. तेव्हा दहावीत असलेला त्याचा मुलगा पुढे अकरावीतच शिक्षण सोडून म्हापशाच्या एका दुकानात लागला. गेल्या वर्षी तो आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा पालक म्हणून सही त्यानेच केली. त्या घराचे नुकसान रुपयांत कसे मोजावे?

जगाच्या पातळीवर मात्र असा एक अंदाज बांधला गेला आहे. २०२४ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकातील आढाव्यानुसार दीर्घकालीन कोविडने जगभरात सुमारे ४० कोटी लोकांना ग्रासले आहे आणि त्याची वार्षिक आर्थिक झळ सुमारे एक लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक अर्थव्यवस्थेच्या एक टक्क्याएवढी आहे. हा अंदाज आहे. त्यात कमीजास्त होईल. परंतु खोल्यांतील हवा स्वच्छ करण्यास येणारा खर्च परवडणारा नाही असे जेव्हा कुणी म्हणते, तेव्हा न केलेल्या खर्चाची ही बाजूही विचारात घ्यावी.

चूक कुठे झाली?

मार्च २०२० मध्ये हा रोग हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीरपणे सांगितले होते. आपण सर्वांनी ते प्रमाण मानले. भाजी धुतली, दरवाजांच्या मुठी पुसल्या, रस्त्यांवर औषधे फवारली, आणि बंद खोलीत सहा फुटांवर बसून निर्धास्त झालो. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एका पत्राद्वारे या भूमिकेला आव्हान दिले. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये वायुवीजनाचे महत्त्व सांगणारे सुबोध मार्गदर्शन काढले. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये, असे रोग हवेतून पसरतात हे मान्य करणारी नवी परिभाषा प्रसिद्ध केली. तोवर पहिल्या विधानाला चार वर्षे झाली होती.

वास्तविक हे ज्ञान नवे नव्हते. विल्यम वेल्स या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते, की श्वासातून निघालेले सूक्ष्म थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच सुकतात आणि त्यांतील कण हवेत तरंगत राहतात. देवघरात एका कोपऱ्यात लावलेल्या उदबत्तीचा धूर जसा दार बंद असता सर्व खोलीत भरतो आणि खिडकी उघडताच विरळ होतो, तसेच हे आहे. बोलताना तो धूर थोडा निघतो, गाताना फार. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका समूहगायनाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांतील ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. आपल्या पेडणे-डिचोलीत गावागावांत भजनी मंडळे आहेत. जुन्या देवळांचे सभामंडप बाजूंनी मोकळे आणि उंच छपराचे होते. आता कित्येक ठिकाणी भजन आणि हळदीकुंकवापासून मुंजीपर्यंत सारे काही वातानुकूलित सभागृहात होते. सोय झाली, यात शंका नाही. परंतु हवेचा मार्ग आपण आपल्याच हाताने बंद केला.

आपल्या खोल्यांची परीक्षा

आपल्या मंगळुरी कौलांच्या घरांत हवा कौलांच्या फटींतूनही खेळत असे. आता स्लॅबचे बुटके छत, सरकत्या काचेची खिडकी आणि भिंतीवर एसी. सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. भिंतीवरचा नेहमीचा एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवतो, हे तर अनेक सुशिक्षितांनाही माहीत नसते. जून ते सप्टेंबर पावसाची झड आत येते म्हणून शाळांच्या खिडक्या बंद, बालरथाच्या काचा बंद, शिकवणीचे वर्ग बंद. तापाच्या साथी याच महिन्यांत का येतात, याचे हे एक कारण तरी नक्कीच आहे.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येते. मी माझ्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षाला काही वर्षांपूर्वी काचेचा दरवाजा आणि एसी बसवला होता. मातांनी कौतुक केले, मलाही बरे वाटले. तीन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे एक लहानसे यंत्र घेतले. मोकळ्या हवेत ते ४२० च्या आसपास पीपीएम दाखवते. जुलैतील एका सोमवारी संध्याकाळी, बाहेर पाऊस आणि आत बावीस माणसे असताना, त्यावर २,६०० हा आकडा होता. आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे चार टक्के असतो. त्रैराशिक मांडून पाहिले. त्या खोलीत घेतलेल्या दर अठरा श्वासांपैकी एक श्वास कुणाच्या ना कुणाच्या फुप्फुसातून जाऊन आलेला होता. त्या बावीस जणांत लसीसाठी आणलेले दीड महिन्याचे एक बाळ होते आणि खोकणारी सहा मुले होती. ते बाळ माझ्याकडे रोग टाळण्यासाठी आले होते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावले. वर्षानुवर्षे रंगाने चिकटलेल्या दोन खिडक्या मोकळ्या केल्या, त्यांना डासांची जाळी लावली. समोरच्या भिंतीत वर एक एक्झॉस्ट पंखा बसवला. ताप-खोकल्याची मुले बाहेरच्या व्हरांड्यात बसू लागली. लसीकरणाची वेळ सकाळी, आजारी मुलांची संध्याकाळी, अशी विभागणी केली. तपासणीच्या खोलीत हेपा गाळणीचे हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवले आणि रुग्ण तपासताना मी व माझ्या परिचारिका एन-९५ मुखपट्टी वापरू लागलो. त्याच गर्दीत आता आकडा ८०० ते ९०० च्या दरम्यान राहतो. या साऱ्याला एसीपेक्षा कमी खर्च आला. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हेपा यंत्र जंतूंचे कण गाळते, कार्बन डायऑक्साइड नव्हे. त्यामुळे त्याचा लाभ या आकड्यात दिसत नाही.

हे केवळ माझे समाधान नव्हे. तैवानमधील तैपेईच्या एका विद्यापीठात क्षयरोगाची साथ पसरली होती. ज्या खोल्यांतील कार्बन डायऑक्साइड तीन हजारांच्या वर जात असे, तेथील वायुवीजन सुधारून तो सहाशेच्या आसपास आणल्यावर ती साथ आटोक्यात आली. इटलीच्या मार्के प्रांतात यांत्रिक वायुवीजन असलेल्या वर्गांत कोविडचा प्रसार इतर वर्गांच्या तुलनेने पुष्कळ कमी आढळला. ब्रिटनने २०२१ साली शाळांसाठी अशी सुमारे तीन लाख मापनयंत्रे देण्याचे ठरवले. आणि लाभ केवळ कोविडपुरता नाही. ज्याचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो तो गोवर, कांजिण्या, फ्लू, आणि आपल्या देशाचा जुना वैरी क्षयरोग, या सर्वांचा रस्ता हाच आहे.

काही आक्षेप

मुले आजारी पडल्यानेच त्यांची प्रतिकारशक्ती वाढते, असे पालक म्हणतात आणि कधी कधी आपणही म्हणतो. मातीत खेळणे, विविध आहार, भावंडांचा सहवास यांचे महत्त्व मला मान्य आहे. परंतु श्वसनमार्गाचे रोग म्हणजे व्यायाम नव्हे. गोवर तर पूर्वी मिळवलेल्या प्रतिकारशक्तीची स्मृतीच पुसून टाकतो, हे २०१९ साली सिद्ध झाले आहे. प्रतिकारशक्ती शिकवण्याचे सुरक्षित साधन आपल्या हाती आहे. त्याला लस म्हणतात.

दुसरा आक्षेप डासांचा. डेंग्यूच्या दिवसांत खिडक्या उघडा म्हणणे गैर वाटेल. त्याला जाळी हे उत्तर आहे. मात्र ती वेळोवेळी धुतली पाहिजे, अन्यथा तीच हवा अडवते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो डिचोलीचा आहे. २०२४ पासून तालुक्यात खनिजाचे काम पुन्हा सुरू झाले आहे. ज्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात, त्या रस्त्यावरील शाळेला 'खिडक्या उघडा' असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? तेथे केवळ उपदेश उपयोगाचा नाही. वाहतुकीची धूळ आटोक्यात आणणे आणि वर्गात हवा गाळणारी यंत्रे देणे, दोन्ही करावे लागेल. धूळ आणि जंतू या दोहोंनाही तीच गाळणी अडवते, हा त्यातील एक लाभ.

राहिला मुखपट्टीचा कंटाळा. तो मीही समजू शकते. म्हणूनच माझा भर व्यक्तीच्या सवयीपेक्षा वास्तूच्या व्यवस्थेवर आहे. प्रत्येकाने घरून पाणी गाळून आणावे असे आपण शाळेला सांगत नाही. नळच स्वच्छ ठेवतो. हवेच्या बाबतीत मात्र सारा भार त्या बिचाऱ्या मुलाच्या नाकावरील कापडावर टाकून आपण मोकळे झालो.

आपण काय करावे?

शासनाने, पंचायतींनी, देवस्थान समित्यांनी करावयाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. नव्या शाळेचा आराखडा मंजूर करताना खिडकी किती उघडते हे पाहावे, बालरथाच्या काचा पावसातही थोड्या उघड्या राहतील अशी व्यवस्था करावी, सभागृहांना बाहेरची हवा आत घेणारी यंत्रणा सक्तीची करावी. परंतु हे सांगण्याचा नैतिक अधिकार आपणांस तेव्हाच प्राप्त होईल, जेव्हा आपले स्वतःचे प्रतीक्षाकक्ष या कसोटीस उतरतील. आजारी आणि निरोगी, बाळ आणि वृद्ध, गरोदर स्त्री आणि क्षयरोगी यांना एकाच बंद खोलीत तासभर बसवणारी जागा गावात दुसरी कोणती आहे? ती आपली आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या संस्थेने प्रत्येक तालुक्यासाठी अशी दोन-तीन मापनयंत्रे विकत घ्यावीत. प्रत्येक सभासदाने ते आठवडाभर आपल्या दवाखान्यात ठेवावे, गर्दीच्या वेळचा आकडा टिपून घ्यावा, आवश्यक ती दुरुस्ती करावी आणि पुन्हा मोजावे. मग ते यंत्र शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे न्यावे आणि एका वर्गात त्यांच्यासमोर लावून दाखवावे. व्याख्यानाने जे पटत नाही, ते वाढत जाणारा आकडा पाहून पाच मिनिटांत पटते, असा माझा अनुभव आहे.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत लेखांबरोबर एक तक्ताही असावा: सभासदाचे गाव, दुरुस्तीपूर्वीचा आकडा आणि दुरुस्तीनंतरचा आकडा. माझ्यापुढे २,६०० लिहावयास मला संकोच वाटेल, तरीही मी तो लिहीन. आपणही आपला लिहून पाठवावा, ही नम्र विनंती.